मॅटप्लॉटलिबचा आलेख बिघडला, तर कुठून बघायला सुरुवात करायची

पायथन शिकायला घेतलं की लवकरच मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीशी गाठ पडते, आणि पहिला आलेख बहुतेकांचा मनासारखा येत नाही. खिडकी उघडत नाही, जतन केलेलं चित्र कोरं निघतं, अक्षावर आकड्यांचा काळा पट्टा होतो, मराठी नावांच्या जागी चौकोन उमटतात. अशा वेळी नवखा माणूस रंग, रेषेची जाडी, आकार हे बदलून बघत बसतो, कारण बिघाड त्याला तिथे दिसतो. दिसतो आलेखात, पण असतो बहुधा आलेख काढण्याच्या आधी: चुकीच्या पायथनमध्ये, चुकीच्या चौकटीत, नाहीतर माहितीच्या फाइलीत. म्हणून शोध एका ठरावीक क्रमानं घ्यावा. मी तोच क्रम इथे देतो आहे. ज्या पायरीवर दोष सापडेल तिथेच थांबा, पुढचं वाचायची घाई नको.

या लेखात आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; संगणकावर ती रोमन लिपीत टंकायची. 'पीएलटी' म्हणजे मॅटप्लॉटलिबचा पायप्लॉट हा भाग, 'पीडी' म्हणजे माहितीचे तक्ते हाताळणारी पांडाज लायब्ररी, 'एनपी' म्हणजे आकडेमोडीची नमपाय लायब्ररी, 'फिग' म्हणजे अख्खी आकृती, 'ॲक्स' म्हणजे त्या आकृतीतली एक चौकट, जिच्यात प्रत्यक्ष आलेख उमटतो.

पायरी १: कोणता पायथन चालतो आहे?

'मॉड्यूल सापडत नाही' असा संदेश आला आणि तुम्ही तर पिपनं (पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनानं) लायब्ररी घेतली आहे, तर नव्वद टक्के शंका एकच: संगणकावर दोन पायथन आहेत, लायब्ररी एकात बसली आणि प्रोग्रॅम दुसऱ्यात चालतो आहे. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'सिस.एक्झिक्युटेबल' छापून बघा. जो मार्ग दिसेल तोच पायथन वापरून 'पायथन -एम पिप इन्स्टॉल मॅटप्लॉटलिब' अशी आज्ञा द्या. नुसतं 'पिप इन्स्टॉल' म्हटलं तर ते पिप कोणत्या पायथनचं, हे कळत नाही. जुपिटरसारखं नोटबुक वापरत असाल तर त्यानंतर कर्नल, म्हणजे मागे चालणारा पायथन, पुन्हा सुरू करा.

याच पायरीवर 'मॅटप्लॉटलिब.__फाइल__' सुद्धा छापा. तो मार्ग तुमच्याच कामाच्या फोल्डरकडे बोट दाखवत असेल, तर सरावाच्या फाइलीला तुम्ही मॅटप्लॉटलिब हेच नाव दिलेलं आहे. पायथन आधी शेजारच्या फोल्डरात शोधतो, तिथे तुमची फाइल सापडते आणि तो तिलाच लायब्ररी समजतो. 'अर्धवट सुरू झालेलं मॉड्यूल' अशा अर्थाचा लांबलचक संदेश येतो तो यामुळे. फाइलीचं नाव बदला. 'नमपाय', 'रँडम', 'डेट टाइम' ही नावंही आपल्या फाइलींना देऊ नका.

पायरी २: खिडकी उघडत नाही

मॅटप्लॉटलिब चित्र तयार करतं आणि ते दाखवायचं काम एका वेगळ्या भागाकडे सोपवतं. त्या भागाला बॅकएंड म्हणतात. 'ॲग' हा बॅकएंड फक्त फाइल तयार करतो, पडद्यावर काही दाखवत नाही. 'टीके-ॲग' आणि 'क्यूटी-ॲग' खिडकी उघडतात. कोणता चालू आहे ते 'मॅटप्लॉटलिब.गेट_बॅकएंड()' सांगतं. 'फिगरकॅनव्हासॲग इज नॉन-इंटरॅक्टिव्ह' असा इशारा आला तर अर्थ सरळ आहे: खिडकी उघडू शकेल असा बॅकएंड मिळाला नाही. उबुंटूवर बहुतेकदा 'पायथन३-टीके' हे पॅकेज नसतं. ते 'एपीटी'नं घेतलं की काम होतं. कॉलेजच्या किंवा संस्थेच्या सर्व्हरवर एसएसएचनं, म्हणजे दुरून जोडून, काम करत असाल तर तिथे पडदाच नाही. तिथे खिडकीचा नाद सोडा आणि सरळ फाइलीत जतन करा.

साध्या प्रोग्रॅममध्ये शेवटी 'पीएलटी.शो()' ही ओळ लागतेच. ती नसेल तर प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता संपतो आणि काहीच दिसत नाही.

आता कोऱ्या चित्राचं कारण. 'शो' आधी आणि 'सेव्हफिग' नंतर लिहिलं, तर खिडकी बंद होताच ती आकृती संपते, आणि 'पीएलटी.सेव्हफिग' नवी, रिकामी आकृती काढून ती इमानानं जतन करतं. नोटबुकमध्ये एका कप्प्यात आलेख आणि पुढच्या कप्प्यात 'सेव्हफिग' असं केलं तरी हेच होतं. जतन आधी, दाखवणं नंतर. त्याहून बरं म्हणजे 'फिग.सेव्हफिग()' लिहायचं, मग कोणती आकृती जतन होते आहे याबद्दल शंकाच उरत नाही.

पायरी ३: कोणत्या चौकटीत काढता आहात?

जॉन हंटर हे मेंदूविज्ञानाचे संशोधक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी बघण्यासाठी त्यांनी हे साधन लिहायला घेतलं, आणि २००३ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. मॅटलॅब वापरणाऱ्यांना ओळखीचं वाटावं म्हणून आज्ञांची ठेवण त्यांनी तशीच ठेवली: 'पीएलटी.प्लॉट' म्हणा, आणि 'सध्याच्या' चौकटीत रेषा उमटेल. ही सोय छोट्या कामाला उत्तम आहे. पण कोणती चौकट 'सध्याची' हे तुमच्या नजरेआड ठरत राहतं, आणि नवख्यांचे निम्मे गोंधळ तिथून उगवतात: शीर्षक शेजारच्याच आलेखावर गेलं, जुनी रेषा नव्या चित्रात राहिली, दोन जिल्ह्यांचे आलेख एकावर एक चढले.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या दिवसापासून 'फिग, ॲक्स = पीएलटी.सबप्लॉट्स()' या ओळीनं सुरुवात करा आणि पुढे सगळं 'ॲक्स'ला सांगा: 'ॲक्स.प्लॉट', 'ॲक्स.सेट_टायटल', 'ॲक्स.सेट_एक्सलेबल'. दोन-चार अक्षरं जास्त टंकावी लागतात, पण कोण कुठे काढतं आहे ते ओळ वाचूनच कळतं. इंटरनेटवरची उदाहरणं दोन्ही पद्धती मिसळतात. नक्कल करताना 'पीएलटी.टायटल'चं 'ॲक्स.सेट_टायटल' करून घ्या. 'सेट_' विसरलात तर 'ॲक्स.टायटल' ही आज्ञा नसून एक वस्तू आहे, आणि तिला कंस लावला की चूक येते.

सूची उमटत नाही ही तक्रारही इथलीच. 'ॲक्स.लेजंड()' फक्त 'लेबल' दिलेल्या रेषा उचलतं, आणि अंडरस्कोरनं सुरू होणारी लेबलं मुद्दाम वगळतं. रेषा काढतानाच 'लेबल' द्या, 'लेजंड' त्यानंतर बोलवा.

वर्षभराचे रोजचे नकाशे एका फेऱ्यात काढणार असाल, तर प्रत्येक नकाशा जतन झाला की 'पीएलटी.क्लोज(फिग)' म्हणा. वीसहून जास्त आकृत्या उघड्या राहिल्या की मॅटप्लॉटलिब इशारा देतं. तो दुर्लक्षिला तर मेमरी भरत जाते आणि शेवटी प्रोग्रॅम मध्येच मरतो.

पायरी ४: माहितीच वाकडी आहे का?

इथे वेळ द्या. सगळ्यात चकवणारे बिघाड इथे असतात, कारण चूक दाखवणारा संदेश बहुधा येतच नाही. आलेख निघतो, पण खोटा निघतो.

पहिली खूण: अक्षावरचे आकडे चढत्या क्रमानं नाहीत, किंवा एकमेकांवर चढून काळा पट्टा झाला आहे. याचा अर्थ तुमचे आकडे आकडे नाहीत, मजकूर आहेत. मॅटप्लॉटलिब मजकुराला नावांचे गट समजतं आणि फाइलीत जसे आले त्या क्रमानं, सारख्या अंतरावर मांडतं. मग १०५ नंतर ९ येतो आणि दोघांत अंतर तेवढंच. पांडाजमध्ये 'डीटाइप' बघा. तिथे 'फ्लोट' किंवा 'इंट' ऐवजी 'ऑब्जेक्ट' किंवा 'एसटीआर' दिसलं की निदान झालं.

रकाना मजकूर होण्याची कारणं आपल्याकडे ठरलेली आहेत. आकडा '१,२५,०००' असा स्वल्पविरामांसह लिहिलेला असतो. कुठेतरी एका कप्प्यात 'निरंक' किंवा नुसती आडवी रेघ असते, आणि तेवढ्यानं अख्खा रकाना मजकूर ठरतो. आधी 'एसटीआर.रिप्लेस'नं स्वल्पविराम काढा, मग 'पीडी.टू_न्यूमरिक' वापरा आणि त्यात 'एरर्स' ला 'कोअर्स' द्या. जे वाचता आलं नाही ते रिकामं धरलं जाईल. पण असे रिकामे किती झाले ते लगेच मोजा. अपेक्षेपेक्षा जास्त निघाले तर मूळ फाइल उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. फाइलीत देवनागरी अंक असतील तर घाबरू नका, पायथनचं स्वतःचं 'फ्लोट' ते बरोबर वाचतं; 'फ्लोट' ला '१२५' दिलं की आकडाच मिळतो.

दुसरी खूण तारखांची. आपण दिवस आधी लिहितो, पांडाज महिना आधी समजतं. ७/६/२०२३ म्हणजे आपल्याला ७ जून, त्याला ६ जुलै. पावसाच्या नोंदींत हा घोळ फार महागात पडतो, कारण मान्सून महाराष्ट्रात आला कधी हेच त्या आलेखातून बघायचं असतं. जुन्या आवृत्त्या १२ पर्यंतचे दिवस उलटे वाचत आणि १३ पासूनचे सरळ, तेही न सांगता. पांडाज २.० पासून पहिल्या नोंदीवरून साचा ठरतो आणि १३ तारखेला अडखळून चूक येते. ती चूक आली तर आनंद माना, तिनं तुम्हाला वाचवलं आहे. 'पीडी.टू_डेटटाइम' मध्ये 'फॉरमॅट' ला '%डी/%एम/%वाय' असा साचा स्वतः द्या. यातला 'वाय' मोठ्या लिपीत, बाकी दोन लहान लिपीत. अक्षावर अचानक जानेवारी १९७० दिसला तर तारखांच्या जागी साधे छोटे आकडे गेले आहेत. मॅटप्लॉटलिब ३.३ पासून दिवस १ जानेवारी १९७० पासून मोजतं.

तिसरी खूण: चौकट आहे, अक्ष आहेत, रेषा मात्र नाही. रिकाम्या नोंदींपाशी रेषा तुटते. एक नोंद आहे, दोन्ही बाजूंच्या रिकाम्या आहेत, तर जोडायला दुसरा बिंदूच नाही, म्हणून काहीच उमटत नाही. 'मार्कर' ला 'ओ' द्या, एकटे बिंदू दिसू लागतील. लॉग अक्षावर शून्य बसत नाही, त्यामुळे कोरडे दिवसही असेच गायब होतात. तिथे 'सिमलॉग' वापरता येतं.

चौथी गोष्ट नकाशांची, आणि हिच्यासाठी खरं उदाहरण घेऊ. पुण्याच्या हवामान विभागाकडून मिळणारी देशाच्या रोजच्या पावसाची चौकटवार माहिती पाव अंशाच्या जाळीवर आहे: पूर्व-पश्चिम १३५ बिंदू, दक्षिणोत्तर १२९. सुरुवात ६.५ अंश उत्तर आणि ६६.५ अंश पूर्व इथून होते. ही माहिती 'इमशो' ला, म्हणजे आकड्यांची जाळी रंगीत चित्र म्हणून दाखवणाऱ्या आज्ञेला, जशीच्या तशी दिली तर दोन गोष्टी हमखास घडतात.

एक, भारत उलटा येतो, कन्याकुमारी वर आणि काश्मीर खाली. 'इमशो' पहिली ओळ वरच्या कडेला ठेवतं, कारण छायाचित्रांची रीत तशी आहे. या माहितीतली पहिली ओळ मात्र सर्वांत दक्षिणेची आहे. 'ओरिजिन' ला 'लोअर' द्या. सोबत 'एक्स्टेंट' द्यायचा असेल तर बिंदूंचे अक्षांश-रेखांश देऊ नका, कप्प्यांच्या कडा द्या: रेखांश ६६.३७५ ते १००.१२५, अक्षांश ६.३७५ ते ३८.६२५. अर्ध्या कप्प्याची ही चूक देशाच्या नकाशात जाणवत नाही, पण कोकणपट्टीवर झूम केलं की पाऊस किनाऱ्यावरून सरकलेला दिसतो.

दोन, नकाशा जवळजवळ एकाच रंगाचा येतो. जिथे माहिती नाही तिथे -९९९ भरलेलं असतं, आणि रंगपट्टी -९९९ पासून सुरू झाली की शून्य आणि शंभर मिलिमीटर यांत डोळ्याला फरक कळत नाही. काढण्याआधी -९९९ झाकून टाका, 'एनपी.मा.मास्क्ड_व्हॅल्यूज' किंवा 'एनपी.व्हेअर' दोन्ही चालतात. मग रंगांच्या पायऱ्या स्वतः ठरवा. हवामान विभागाच्या वर्गवारीत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस धरतात. 'बाउंडरीनॉर्म' ला हेच टप्पे दिले तर नकाशा बघणाऱ्याला लगेच वाचता येतो.

सगळं चमत्कारिक दिसणारं चुकीचंच असतं असं मात्र नाही. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २६ जुलै २००५ च्या त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या महिन्याचा स्तंभालेख काढा, तो एक स्तंभ आभाळाला भिडतो आणि बाकीचे खुरटे दिसतात. तो स्तंभ खरा आहे. अशी नोंद 'बाहेरची' म्हणून खोडून टाकू नका. हवं तर एकाखाली एक दोन चौकटी घ्या, एकीत पूर्ण उंची आणि दुसरीत २०० मिलिमीटरपर्यंतच.

पायरी ५: अक्षावरचे विचित्र आकडे

दहा लाखांच्या वर गेलं की अक्षाच्या टोकाशी 'एक ई सहा' उमटतं आणि खाली ०.५, १.०, १.५ असे आकडे राहतात. हा बिघाड नाही, मॅटप्लॉटलिबनं केलेलं संक्षिप्त लेखन आहे. नको असेल तर 'ॲक्स.टिकलेबल_फॉरमॅट' मध्ये 'स्टाइल' ला 'प्लेन' आणि 'यूजऑफसेट' ला 'फॉल्स' द्या. मराठी वाचकासाठी काढत असाल तर 'फंकफॉरमॅटर' वापरून आकडा १,००,००० नं भागा आणि पुढे 'लाख' जोडा. लोकसंख्या किंवा अर्थसंकल्पाचा आलेख त्यानं एकदम आपला होतो.

पायरी ६: कापलेली नावं, बारीक अक्षरं

मूळ आकृती ६.४ इंच रुंद, ४.८ इंच उंच आणि इंचाला १०० ठिपके, म्हणजे ६४० गुणिले ४८० ठिपक्यांची असते. नावं कडेला कापली जात असतील तर 'सबप्लॉट्स' मध्ये 'लेआउट' ला 'कन्स्ट्रेन्ड' द्या. आधी हेच करा. जतन करताना 'बीबॉक्स_इंचेस' ला 'टाइट' देणं हा दुसरा उपाय, पण त्यानं चित्राचा अंतिम आकार बदलतो आणि प्रबंधातले आलेख कमी-जास्त रुंदीचे होतात.

अक्षरं बारीक दिसतात याचं कारण गणितात आहे. १२ इंच रुंद आकृती काढून ती नियतकालिकाच्या ८.५ सेंटीमीटरच्या रकान्यात बसवली, तर १० पॉइंटचं अक्षर २.८ पॉइंटचं उरतं. छापून यायची रुंदी आधी ठरवा आणि 'फिगसाइझ' तेवढाच द्या. 'डीपीआय' वाढवून अक्षर मोठं होत नाही, चित्र फक्त जास्त रेखीव होतं.

पायरी ७: मराठी अक्षरं

'ग्लिफ २३५० मिसिंग' असा इशारा आणि चित्रात चौकोन. २३५० म्हणजे युनिकोडमधला 'म'. मॅटप्लॉटलिबसोबत येणाऱ्या डेजाव्हू सॅन्समध्ये देवनागरी नाही, म्हणून तो चौकोन काढतो. नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट उतरवून घ्या, 'फॉन्टमॅनेजर.ॲडफॉन्ट' ला त्या फाइलीचा मार्ग द्या, आणि 'फॉन्ट.फॅमिली' मध्ये दोन नावांची यादी ठेवा: आधी डेजाव्हू सॅन्स, मग नोटो सॅन्स देवनागरी. ३.६ पासून पहिल्या फॉन्टात अक्षर नसेल तर दुसऱ्यातून घेतलं जातं. नुसताच देवनागरी फॉन्ट लावला आणि उणे चिन्हाच्या जागी चौकोन आला, तर 'ॲक्सेस.युनिकोड_मायनस' ला 'फॉल्स' करा. फॉन्ट बसवूनही 'सापडत नाही' असंच येत राहिलं तर 'गेट_कॅशडिर()' नं दाखवलेल्या फोल्डरातली 'फॉन्टलिस्ट' नावाची फाइल पुसा आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा.

चौकोन गेले म्हणून काम झालं असं समजू नका. 'तापमान', 'लाख', 'कोटी' ही नावं आता नीट दिसतील आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. 'मिलिमीटर' लिहून बघा. पहिली वेलांटी आपल्या अक्षराआधी न बसता पुढच्या अक्षरावर जाऊन बसलेली दिसेल. 'वार्षिक' मधला रफार वर चढणार नाही, 'महाराष्ट्र' मधला 'ष्ट्र' पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांत विखुरेल. मजकूर युनिकोडच्या क्रमानं एकेक चिन्ह मांडत जाणं एवढंच नेहमीचा 'ॲग' करतो. वेलांटी मागे नेणं, जोडाक्षर घडवणं हे काम वेगळं आहे आणि सध्या बहुतेकांच्या संगणकावर असलेल्या आवृत्त्यांत ते होत नाही. म्हणून फॉन्टची परीक्षा घेताना सोपा शब्द घेऊच नका. 'वार्षिक पर्जन्यमान, मिलिमीटर' एवढं लिहा, सगळं कळतं. अशुद्ध मराठी छापण्यापेक्षा थोडा वळसा घेतलेला बरा, आणि वळसे दोन आहेत.

सोपा वळसा: 'एसव्हीजी.फॉन्टटाइप' ला 'नन' द्या आणि चित्र एसव्हीजी (रेषा आणि मजकूर साठवणारा चित्रप्रकार) म्हणून जतन करा. मग अक्षरं आकार म्हणून न जाता मजकूर म्हणूनच फाइलीत जातात आणि ती जुळवायचं काम ब्राउझर किंवा इंकस्केप हा चित्रकामाचा प्रोग्रॅम करतो, जे त्यांना उत्तम जमतं. शीर्षकाभोवती जागा थोडी जास्त सोडा, कारण मॅटप्लॉटलिबनं मोजलेली रुंदी आणि जुळलेल्या अक्षरांची रुंदी सारखी नसते.

दुसरा वळसा लाटेक्स ही मजकूर जुळवणारी प्रणाली वापरणाऱ्यांचा. 'पीजीएफ' बॅकएंडनं पीडीएफ जतन करा, 'पीजीएफ.टेकसिस्टम' ला 'झीलाटेक' ठेवा, 'पीजीएफ.आरसीफॉन्ट्स' ला 'फॉल्स' द्या आणि प्रिअँबलमध्ये फॉन्टस्पेकनं देवनागरी फॉन्ट सांगा, 'स्क्रिप्ट' ला 'देवनागरी' हा पर्याय देऊन. इथे बरेच जण अडतात: ते 'सेटमेनफॉन्ट' देतात आणि फरक पडत नाही, कारण मॅटप्लॉटलिबचा मूळ मजकूर सॅन्स प्रकारचा असतो. 'सेटसॅन्सफॉन्ट' लाही तोच फॉन्ट द्या.

एसव्हीजीचा मार्ग घेतला असेल तर फाइल दुसऱ्याला पाठवण्याआधी एक काम उरतं. त्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर अक्षरं बदलतील. इंकस्केपमध्ये सगळा मजकूर निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा आणि मग पीडीएफ काढा. असा मजकूर पुन्हा दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ एसव्हीजी वेगळ्या नावानं जपून ठेवा.